पीडीएमएसच्या पृष्ठभागावर मोजूनमापून सुरकुत्या कशा पाडाव्यात

मऊ रबराच्या जाड पट्टीवर एखादा अतिशय पातळ पण कडक थर घट्ट चिकटलेला असेल आणि ही जोडी बाजूने दाबली गेली, तर तो थर सपाट राहत नाही. दाब सोसून आखूड होण्यापेक्षा वर-खाली वाकणे त्याला कमी ऊर्जेत जमते. मात्र खालचे रबर त्याला फार रुंद बाक घेऊ देत नाही, कारण लाट जितकी रुंद, तितक्या जास्त खोलीपर्यंतचे रबर ओढले जाते. थराचा ओढा रुंद लाटांकडे आणि रबराचा बारीक लाटांकडे, या ओढाताणीतून एक ठरावीक अंतर निघते आणि पृष्ठभागभर तेवढ्याच अंतरावर सुरकुत्या उभ्या राहतात. निवत्या दुधाच्या सायीवर पडतात त्या सुरकुत्या याच जातीच्या. फरक इतकाच, की इथे त्यांचे अंतर आणि दिशा आपण आधी ठरवू शकतो.

हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने जॉन हचिन्सन यांच्यासारख्या यांत्रिकीतज्ज्ञांसह १९९८ साली हे दाखवून दिले. त्यांनी पीडीएमएस नावाचे सिलिकॉन रबर तापवून त्यावर निर्वातात सोन्याचा सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा थर चढवला. रबर थंड होऊन आक्रसले, तसा सोन्याचा थर २० ते ५० मायक्रोमीटर अंतराच्या लाटांमध्ये वाकला. पुढच्याच वर्षी त्याच गटाने सोन्याऐवजी ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने आयनीभूत केलेला ऑक्सिजन वायू) वापरून रबराचीच वरची त्वचा कडक केली आणि तेच साधले. खालील कृती या दुसऱ्या रीतीवर आधारलेली आहे, कारण पदव्युत्तर प्रयोगशाळेत धातूचे निर्वात लेपन यंत्र मिळण्यापेक्षा साधा प्लाझ्मा क्लीनर मिळण्याची शक्यता जास्त असते. तोही जवळ नसेल, तर आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथील नॅनोफॅब्रिकेशन सुविधा इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅममधून बाहेरच्या संशोधकांसाठीही खुल्या केलेल्या आहेत.

सुरकुत्या पाडणे मुळीच अवघड नाही; प्लाझ्मात थोडी जास्त तापलेली पट्टीसुद्धा आपोआप सुरकुतते. ठरलेल्या अंतराच्या, ठरलेल्या उंचीच्या आणि भेगा नसलेल्या सुरकुत्या पाडणे हे खरे काम आहे, आणि त्यातले निम्मे काम पट्टी ओतण्याआधी कागदावर होते.

आधी गणित

दोन लगतच्या शिखरांमधील अंतराला तरंगलांबी म्हणू. ती कशी ठरते, याचे सूत्र विमानांच्या सँडविच पॅनेलच्या अभ्यासातून आले आणि ते असे आहे: तरंगलांबी = ६.२८ × थराची जाडी × घनमूळ (थराचा गुणांक ÷ रबराच्या गुणांकाची तिप्पट). यातील गुणांक म्हणजे यंगचा गुणांक भागिले (१ वजा पॉयसाँ गुणोत्तराचा वर्ग). यंगचा गुणांक हे पदार्थाच्या कडकपणाचे माप, आणि पॉयसाँ गुणोत्तर हे ताणल्यावर तो रुंदीत किती आक्रसतो याचे. या सूत्रात दाब किती दिला, याचा उल्लेख कुठेही नाही. नवखा माणूस तरंगलांबी बदलण्यासाठी पट्टी आधी जास्त ताणून, म्हणजे सोडताना थर जास्त दाबून, पाहतो आणि हाती फारसे काही लागत नाही, त्याचे कारण हेच आहे. तरंगलांबी जाडीच्या सरळ प्रमाणात बदलते, तर कडकपणाच्या फक्त घनमुळाच्या प्रमाणात. रबर तिप्पट मऊ केले तरी तरंगलांबी दीडपटही होत नाही. थर दुप्पट जाड केला की ती थेट दुप्पट होते. म्हणून तरंगलांबी हवी तशी आणण्यासाठी हात घालायचा तो जाडीला.

दाबाचे काम दुसरे आहे. लांबीतील बदल भागिले मूळ लांबी, म्हणजे विकृती, एका मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय सुरकुती उठतच नाही. ही मर्यादा = ०.२५ × (रबराच्या गुणांकाची तिप्पट ÷ थराचा गुणांक), या कंसाचा दोन-तृतीयांश घात. मर्यादा ओलांडल्यावर लाटेची उंची, म्हणजे मध्यरेषेपासून शिखरापर्यंतचे अंतर = जाडी × वर्गमूळ (विकृती ÷ मर्यादा − १). काही शोधनिबंध शिखरापासून दरीपर्यंतचे अंतर देतात, ते या उंचीच्या दुप्पट असते. तुलना करताना हा दुपटीचा घोळ नेहमी होतो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पीडीएमएसचा यंग गुणांक सुमारे २ मेगापास्कल आणि पॉयसाँ गुणोत्तर जवळजवळ ०.५ धरले, तर रबराचा गुणांक २.६७ मेगापास्कल येतो. वरचा थर पॉलिस्टायरीनचा, यंग गुणांक ३.४ गिगापास्कल आणि पॉयसाँ गुणोत्तर ०.३३ धरले, तर त्याचा गुणांक सुमारे ३,८०० मेगापास्कल. घनमुळाखालची संख्या ४७७ च्या आसपास, तिचे घनमूळ ७.८, आणि ६.२८ ने गुणल्यावर ४९. म्हणजे या जोडीत तरंगलांबी जाडीच्या सुमारे ४९ पट असते: १०० नॅनोमीटरच्या थराला ४.९ मायक्रोमीटर. मर्यादा-विकृती जेमतेम ०.४१ टक्का निघते. ३ टक्के दाब (म्हणजे ३ टक्के विकृती) दिला तर उंची सुमारे २५० नॅनोमीटर, ६ टक्के दिला तर सुमारे ३७० नॅनोमीटर. दाब दुप्पट केल्यावर उंची दुप्पट झाली नाही, हेही इथे दिसते.

प्लाझ्माने तयार होणाऱ्या थराच्या बाबतीत हे गणित इतके नेटके बसत नाही. तिथे जाडी आणि कडकपणा या दोन्ही गोष्टी आधी माहीत नसतात, शिवाय थर एका ठिकाणी संपून रबर सुरू होते असेही नसते. पृष्ठभागावर तो काचेसारखा असतो आणि खोल जाताना हळूहळू रबरात मिसळत जातो. म्हणून प्लाझ्मासाठी सूत्राचा उपयोग दिशा समजण्यापुरता करावा आणि आकडे आपल्या यंत्रावर स्वतः काढावेत. ते कसे, ते पुढे येतेच.

पट्टी ओतणे

सिलगार्ड १८४ हे बाजारात सहज मिळणारे पीडीएमएस घ्यावे. बेस आणि क्युरिंग एजंट (त्याला घट्ट करणारे द्रव्य) वजनाने १० : १ प्रमाणात, मापी पेल्याने नव्हे तर तराजूवर तोलून, घेऊन काही मिनिटे नीट ढवळावे. ढवळताना भरणारे हवेचे बुडबुडे निर्वात डेसिकेटरमध्ये (हवा काढून घेता येणाऱ्या बंद भांड्यात) काढून टाकावेत. मग सपाट पेट्री डिशमध्ये १ ते २ मिलिमीटर जाडीचा थर ओतून ७० अंश सेल्सियसला किमान ४ तास ठेवावा. डिश ओव्हनमध्ये ठेवण्यापूर्वी तो कप्पा समपातळीत आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ झालेली पट्टी ताणली की सगळीकडे सारखी ताणली जात नाही. लेटेक्सचे हातमोजे घालू नयेत, कारण त्यातील गंधक प्लॅटिनम उत्प्रेरकाला निकामी करते आणि पृष्ठभाग चिकट राहतो. नायट्राइलचे हातमोजे चालतात.

प्रत्येक वेळी तापमान आणि वेळ तेच ठेवावे. सिलगार्डचा कडकपणा ते घट्ट (क्युअर) करण्याच्या तापमानावर अवलंबून असतो, त्यामुळे आज ७० अंशांना आणि उद्या घाईने १५० अंशांना तयार केलेल्या दोन पट्ट्या एकाच मालिकेत धरता येत नाहीत.

ताणणे

सर्वाधिक लक्ष याच टप्प्यावर द्यावे. पट्टी आधी ताणून धरायची, ताणलेल्या अवस्थेत तिची वरची त्वचा कडक करायची आणि मग सोडायची. रबर मूळ लांबीवर परत येताना त्वचेला दाबते. ताणण्यासाठी एका छोट्या रुळावर सरकणारे दोन चिमटे आणि एक स्क्रू इतकी साधी चौकट पुरते. कॉलेजच्या कार्यशाळेत ॲल्युमिनिअमची अशी चौकट सहज करून मिळते. ती प्लाझ्माच्या पेटीत मावली पाहिजे, हे माप मात्र आधीच घ्यावे.

पट्टी कात्रीने कापू नये, नव्या ब्लेडने एका दाबात कापावी. कात्रीने कडेवर बारीक खाचा पडतात आणि ताणताना पट्टी तिथूनच फाटते. पट्टीच्या मधोमध, परमनंट मार्करने २० मिलिमीटर अंतरावर दोन बारीक रेघा माराव्यात आणि ताण नेहमी या रेघांवरून मोजावा, चिमट्यांमधील अंतरावरून कधीही मोजू नये. चिमट्यात पट्टी थोडी घसरते, शिवाय चिमट्यालगत ताणाचे वाटप वेडेवाकडे असते. रेघांमधील अंतर २० वरून २२ मिलिमीटर झाले, की १० टक्के ताण झाला. पहिल्या प्रयोगासाठी एवढा पुरेसा आहे.

आता भेगांचा प्रश्न. पट्टी लांबीत ताणली की ती रुंदीत आक्रसते. १० टक्के ताणली तर रुंदी सुमारे ४.७ टक्क्यांनी कमी होते, २० टक्के ताणली तर सुमारे ८.७ टक्क्यांनी. त्वचा कडक होते ती या अरुंद अवस्थेत. पट्टी सोडली की लांबी कमी होते आणि सुरकुत्या उठतात, पण त्याच वेळी रुंदी परत वाढते आणि काचेसारखी त्वचा आडवी ओढली जाते. काचेला इतके ओढणे सोसत नाही. ती तडकते, आणि भेगा ताणाच्या दिशेला समांतर, म्हणजे सुरकुत्यांना काटकोनात जातात. सूक्ष्मदर्शकाखाली उभ्या-आडव्या रेषांची जाळी दिसली तर ती नवीन नक्षी सापडल्याची खूण नव्हे. जवळजवळ नेहमी ती भेगांची जाळी असते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे ताण कमी ठेवणे. सुरकुती उठण्याची मर्यादा एक-दोन टक्क्यांच्याही खाली असते, हे गणितात दिसलेच, तेव्हा उंची फार नको असेल तर ५ ते १० टक्के ताण भरपूर झाला. दुसरा उपाय चौकटीच्या मापात आहे आणि माझ्या मते तोच जास्त भरवशाचा आहे: पट्टी लांब आणि अरुंद न घेता आखूड आणि रुंद घ्यावी. चिमट्यांमधील अंतर १५ मिलिमीटर आणि रुंदी ५० ते ६० मिलिमीटर असेल, तर दोन्ही बाजूंचे चिमटे पट्टीला रुंदीत आक्रसूच देत नाहीत. मधला भाग फक्त लांबीत ताणला जातो, आणि सोडताना रुंदी वाढण्याचा प्रश्न उरत नाही. अशा पट्टीवर रेघा अर्थातच १० मिलिमीटरवर माराव्या लागतात. कडेचे दोन्ही पट्टे तरीही बिघडलेले निघतात, ते सोडून द्यावेत. शोधनिबंधांत दिसणारी सुबक छायाचित्रेही बहुधा मधल्या भागाचीच असतात.

त्वचा कडक करणे

ताणलेली पट्टी चौकटीसह पेटीत ठेवण्यापूर्वी पृष्ठभागावरील धूळ चिकटपट्टीने उचलून घ्यावी. एक कण राहिला तरी त्याच्याभोवती सुरकुत्या वळतात. ऑक्सिजन प्लाझ्मा पीडीएमएसच्या पृष्ठभागावरील मिथाइल गट काढून टाकतो आणि त्या जागी सिलिकॉन-ऑक्सिजनचे काचेसारखे जाळे तयार होते. या थराची जाडी वेळेबरोबर वाढते, पण सरळ प्रमाणात वाढत नाही, कारण तयार झालेला थरच खालच्या रबराला झाकू लागतो. वाढ साधारणपणे वेळेच्या लॉगरिदमप्रमाणे होते: १ मिनिटावरून २ मिनिटांवर गेल्यावर जितकी भर पडते, जवळजवळ तितकीच भर ८ वरून १६ मिनिटांवर जाताना पडते.

आपल्या यंत्राचे आकडे काढायची रीत याच गोष्टीवर उभी आहे. एकाच ओतकामातून पाच पट्ट्या कापाव्यात, सगळ्या सारख्याच ताणाव्यात आणि त्यांना अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६ मिनिटे प्लाझ्मा द्यावा. यंत्राची शक्ती, पेटीतील वायूचा दाब आणि चौकटीची जागा तीच ठेवावी. सोडल्यानंतर प्रत्येकीची तरंगलांबी मोजून, फक्त वेळेचा अक्ष लॉगरिदमचा असलेल्या (सेमी-लॉग) कागदावर वेळेसमोर मांडली, तर बिंदू एका सरळ रेषेच्या आसपास पडायला हवेत. एखादा बिंदू रेषेपासून फार दूर पडला, तर बहुधा त्या वेळी पेटीतील दाब वेगळा होता किंवा पट्टी चिमट्यात घसरली होती. एकदा ही रेषा हातात आली, की हव्या त्या तरंगलांबीसाठी किती मिनिटे लागतील हे तिच्यावरून थेट वाचता येते. दुसऱ्याच्या शोधनिबंधातील मिनिटे उचलून आपल्या यंत्रावर लावण्यात अर्थ नाही. पेटीचा आकार बदलला की तेच १०० वॉट वेगळे काम करतात.

प्लाझ्मा पट्टीला तापवतो, आणि पीडीएमएस दर अंशाला मूळ लांबीच्या सुमारे दहा हजारांश भागाच्या तिप्पट प्रसरण पावते. पट्टी ५० अंशांनी तापली, तर निवताना दीड टक्का आक्रसते, आणि सुरकुती उठायला तेवढे पुरेसे आहे. ज्या दिशेने पट्टी चिमट्यांत धरलेली आहे तिथे हे आक्रसणे अडते, पण मोकळ्या दिशेने ते घडते आणि नको त्या दिशेच्या सुरकुत्या आधीच येऊन बसतात. म्हणून ८ किंवा १६ मिनिटांचा प्लाझ्मा एकदम न देता एक-दोन मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये निववण्यास वेळ देऊन द्यावा.

प्लाझ्माऐवजी अतिनील किरण आणि ओझोन यांची पेटी वापरता येते. त्यातील पाऱ्याच्या दिव्यातून १८५ आणि २५४ नॅनोमीटरचे किरण निघतात. काम सावकाश होते, अर्धा ते एक तास लागतो, पण थर जाड मिळतो आणि मोठ्या सुरकुत्या हव्या असतील तर ते सोयीचे पडते. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील यान गेंझर यांच्या गटाने २००५ साली याच रीतीने, सुरकुत्यांवर सुरकुत्या आणि त्यांच्यावर आणखी मोठ्या सुरकुत्या अशा नॅनोमीटरपासून मिलिमीटरपर्यंतच्या पिढ्या एकाच पृष्ठभागावर दाखवल्या. ओझोन फुफ्फुसांना घातक असतो, तेव्हा पेटीचा निकास धूरकपाटात (फ्यूम हूडमध्ये) किंवा इमारतीबाहेर सोडलेला असावा.

सोडणे

पट्टी खोलीच्या तापमानाला आल्यावरच स्क्रू उलटा फिरवायला घ्यावा. वेग इतकाच असावा की पूर्ण सोडायला किमान एक मिनिट लागेल. चिमटा एकदम उघडून पट्टी सटकन सोडली, तर त्वचा जागोजाग तडकते आणि कुठे कुठे रबरापासून सुटून उंच फुगवटे तयार होतात. हे फुगवटे सुरकुत्यांपेक्षा कितीतरी उंच आणि एकमेकांपासून दूर असतात, त्यामुळे ओळखू येतात. चौकट सूक्ष्मदर्शकाखाली मावत असेल तर सोडताना पाहत राहावे. आरंभी काहीच दिसत नाही, मग ठिकठिकाणी फिक्या रेषा उठतात, त्या लांब होत एकमेकींना मिळतात. दोन रेषांचे गट अर्धे अंतर पुढे-मागे असतील, तर मिळणीच्या जागी एक रेष मधेच संपते. असे थोडे दोष राहणारच. सावकाश सोडल्यास ते कमी राहतात. सूक्ष्मदर्शक नसेल, तरी तरंगलांबी एक-दोन मायक्रोमीटरच्या आसपास असल्यास पट्टी तिरपी धरल्यावर सीडीसारखे रंग दिसू लागतात आणि काम कुठवर आले याचा अंदाज येतो.

मोठा ताण वापरला असेल तर एक दुरुस्ती ध्यानात ठेवावी. थर तयार झाला तेव्हाची पट्टी ताणलेली होती आणि ती नंतर आखूड झाली, त्यामुळे सुरकुत्याही एकमेकींच्या जवळ येतात. २० टक्के ताणासाठी तरंगलांबी वरच्या सूत्रापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी कमी निघते. थरावर प्रत्यक्ष पडणारा दाबही २० टक्के नसून, ताणलेल्या लांबीच्या हिशेबाने, १६.७ टक्के असतो. दाब २० टक्क्यांच्या आसपास आणि पुढे गेला की एकसारख्या लाटा मोडू लागतात: एक दरी खोल, शेजारची उथळ, असा दुपटीचा क्रम येतो आणि अखेरीस घड्या पडतात. एकसारखी नक्षी हवी असणाऱ्याने तिथवर जाऊच नये.

मोजणे

तरंगलांबी २ मायक्रोमीटरच्या वर असेल तर साधा प्रकाशीय सूक्ष्मदर्शक पुरतो. त्याखाली एएफएम (सूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपणारा ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप) लागतो, आणि उंची मोजायला तर तो लागतोच. पण रोजच्या तपासणीसाठी वर्गात वापरायचा लाल लेसर पॉइंटर उत्तम. पट्टी पारदर्शक असते, तेव्हा लेसर तिच्यातून काटकोनात जाऊ द्यावा आणि १ मीटर अंतरावरील भिंतीवर मधल्या ठिपक्यापासून पहिला बाजूचा ठिपका किती दूर पडतो ते मोजावे. कोनाची ज्या (साइन) = प्रकाशाची तरंगलांबी ÷ सुरकुत्यांचे अंतर. ६५० नॅनोमीटरच्या लेसरला सुरकुत्या ४.९ मायक्रोमीटरच्या असतील तर पहिला ठिपका सुमारे १३.४ सेंटिमीटरवर पडतो, २ मायक्रोमीटरच्या असतील तर ३४.४ सेंटिमीटरवर. ठिपके सुरकुत्यांना काटकोनातील रेषेत येतात. ठिपके स्पष्ट असले तर नक्षी सरळ आहे, कमानीसारखे पसरले तर दिशा थोडी हललेली आहे, आणि पूर्ण कडे दिसले तर अंतर एकसारखे आहे पण दिशा कुठलीच नाही. एका क्षणात एवढे सांगणारे दुसरे उपकरण प्रयोगशाळेत नसते. लेसर डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नये आणि परावर्तित किरण कुठे जातो तेही पाहावे.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. पट्टी पुन्हा मूळ ताणापर्यंत ओढावी. खऱ्या सुरकुत्या असतील तर बाजूचे ठिपके फिके होत जातात आणि विझतात, सोडल्यावर परत येतात. जे ओढल्यावरही जात नाही, ते भेग किंवा ओरखडा समजावे.

दिशा बदलून नक्षी

एका दिशेने ताणलेल्या पट्टीवर समांतर रेषा मिळतात. दोन्ही दिशांनी सारखे ताणून दोन्ही बाजू एकाच वेळी सोडल्या, तर दिशाहीन चक्रव्यूह मिळतो. पण त्याच पट्टीची आधी एक दिशा आणि मग दुसरी दिशा सोडली, तर पहिल्यांदा उठलेल्या सरळ रेषा दुसऱ्या दाबाखाली डावी-उजवीकडे वळून नागमोडी होतात आणि ओळीने मांडलेली सुबक हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी) नक्षी तयार होते. साहित्य तेच, ताण तोच. फक्त सोडण्याच्या क्रमाने चित्र बदलते. यासाठी चार चिमट्यांची चौकट लागते आणि कोपरे नेहमी बिघडतात.

दिशा ठरवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे कडा. मोकळ्या कडेशी तिच्या काटकोनातील दाब मोकळा होतो आणि कडेला समांतर असलेला दाब तेवढा शिल्लक राहतो, म्हणून सुरकुत्या कडेला काटकोनात येऊन मिळतात. १९९८ च्या कामातही रबरावर आधीच ओतलेल्या पायऱ्यांनी लाटांना अशीच वळणे दिली होती. याचा उपयोग करायचा तर प्लाझ्मा देताना पट्टीवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तांब्याची बारीक जाळी ठेवावी. जाळीच्या घरांतील रबर कडक होते, तारांखालचे मऊ राहते आणि प्रत्येक घरात सुरकुत्यांची स्वतंत्र चौकट बसते.

प्लाझ्माशिवाय

थराची जाडी आधीपासून माहीत असावी, असे वाटत असेल तर पॉलिस्टायरीनचा थर उचलून ठेवण्याची रीत उत्तम. पॉलिस्टायरीन टोल्युइनमध्ये विरघळवून सिलिकॉन वेफरवर (सिलिकॉनच्या गुळगुळीत चकतीवर) स्पिन कोटरने, म्हणजे चकती वेगाने फिरवून द्रावण पसरवणाऱ्या यंत्राने, थर पसरवावा. २ टक्क्यांच्या द्रावणातून साधारण १०० नॅनोमीटरचा थर अपेक्षित असतो, पण तो एलिप्सोमीटरने (परावर्तित प्रकाशावरून जाडी मोजणाऱ्या उपकरणाने) किंवा एएफएमने मोजूनच घ्यावा. ताणलेली पीडीएमएस पट्टी त्यावर हलके दाबून दोन्ही पाण्यात बुडवावेत. पाणी वेफर आणि थर यांच्या फटीत शिरते आणि थर पीडीएमएसला चिकटून येतो. टोल्युइनचे काम धूरकपाटातच करावे. अमेरिकेतील गेदर्सबर्ग येथील एनआयएसटी या राष्ट्रीय मापन-मानक संस्थेत ख्रिस्तोफर स्टॅफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ साली हेच सूत्र उलटे फिरवून वापरले: तरंगलांबी आणि जाडी मोजून त्यावरून थराचा कडकपणा काढला. नवशिक्याने पहिली पट्टी प्लाझ्माची न करता याच रीतीने करावी, असे मला वाटते; ४९ पटीचे गणित जुळले की चौकट, मापन आणि रबर ठीक आहेत याची खात्री पटते आणि पुढे प्लाझ्मात काही बिघडले तर दोष नेमका कुठे आहे हे कळते.

ठसा घेणे

सुरकुतलेली मूळ पट्टी वापरात टिकत नाही. ती पुन्हा ताणली गेली की उंची बदलते, आणि खालच्या रबरातील सुटे रेणू कडक त्वचेवर झिरपत राहिल्याने पृष्ठभागाचा पाण्याशी असलेला गुण काही तासांतच बदलू लागतो. पेशी वाढवणे किंवा विवर्तन जाळीसारखे (प्रकाश फाकवणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीसारखे) प्रकाशीय काम यासाठी तिचा ठसा घ्यावा. पट्टी काचेवर सपाट ठेवून तिच्यावर पातळ इपॉक्सी किंवा अतिनील प्रकाशात घट्ट होणारे रेझिन ओतावे आणि घट्ट झाल्यावर सोलून काढावे. ठसाही पीडीएमएसचाच हवा असेल, तर प्लाझ्मा दिलेली पट्टी नव्या पीडीएमएसला कायमची चिकटते हे ध्यानात घेऊन, आधी तिच्यावर निर्वात डेसिकेटरमध्ये फ्लोरिनयुक्त ट्रायक्लोरोसिलेनची वाफ बसवावी. हे सिलेन ओलाव्याशी संयोग होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल सोडते, म्हणून डेसिकेटर धूरकपाटात उघडावा. पट्टी चौकटीत अर्धवट सोडलेली असतानाच ठसा घेतला, तर एकाच पट्टीवरून, ती किती सोडली त्याप्रमाणे, एकदा कमी आणि एकदा जास्त उंचीचे ठसे मिळू शकतात. प्रत्येक ठशावर चौकटीतील रेघांचे त्या वेळचे अंतर लिहून ठेवावे.